जळगावात ताजी कालवं? विचारून तर बघा!

"इथे ताजी कालवं कुठे मिळतात गं?"

ऑफिसच्या कँटीनमध्ये हा प्रश्न आला आणि टेबलावरचे चारही हात डब्यांवर थबकले. चार डब्यांत मिळून दोन शेवभाज्या, एक उडदाची डाळ आणि एक मेथीची भाजी, असा अस्सल खान्देशी ऐवज होता. पहिला कंठ फुटला तो आमच्या अकाउंट्सवाल्याला. "कालवण ना? कोपऱ्यावरच्या खानावळीत झक्कास मिळतं."

"कालवण नाही रे, कालवं! ऑयस्टर!"

प्रश्न विचारणारी आमच्या ब्रँचला ऑक्टोबरमध्ये मुंबईहून बदलून आलेली. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात वाढलेली. नाव छापायचं नाही अशी तिची अट आहे, म्हणून आपण तिला वर्सोवेकर म्हणू. तर वर्सोवेकरबाईंचा प्रश्न ऐकून सगळे हसले आणि मग सगळे माझ्याकडे वळले. साहजिक आहे. दर आठवड्याला या पानावर 'इथे हे खा, तिथे ते खा' असं छातीठोक सांगणारी मीच ना!

आता भूगोल बघा. जळगाव ते मुंबई रेल्वेने 420 किलोमीटर. आपल्याकडे नजर जाईल तिथवर पसरलेलं काही असेल तर ती केळी आणि कपाशी. भरती-ओहोटी आपण पाहतो ती फक्त महिन्याअखेरीस, बँक बॅलन्समध्ये. तरीही मी म्हटलं, "बघू या की!" नाही म्हणायची माझी जीभच तयार होत नव्हती. इज्जतीचा सवाल होता, बॉस!

पहिली स्वारी शहरातल्या एका चकाचक हॉटेलात. नाव नको. मेन्यूकार्डवर सरळ 'ऑयस्टर चिली' असं लिहिलेलं. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं. ऑर्डर दिली. वीस मिनिटांनी प्लेट आली. सिमला मिरची, कांदा आणि मधेमधे पांढरट, मऊ, पंख्यासारखे तुकडे. वर्सोवेकरने एक तुकडा काट्याला लावून उजेडात धरला.

"अगं, ही आळंबी आहे."

ऑयस्टर मश्रूम! म्हणजे आपली धिंगरी आळंबी. वेटर अगदी निरागसपणे म्हणाला, "मॅडम, ऑयस्टर सॉसही आहे, देऊ का?" बिचाऱ्याची काही चूक नव्हती. आळंबीही चांगली होती. पण माझं नाक कापलं गेलं ते गेलंच.

दुसरं हॉटेल मात्र खरोखर 'सी-फूड' वालं. तिथे 'हाफ शेल' म्हणजे अर्ध्या शिंपल्यातली कालवं मिळतात असं मॅनेजर म्हणाला. वर्सोवेकरने त्याला तीन प्रश्न विचारले. कुठून आली? कधी आली? शिंपला कोणी उघडला? पहिल्यावर तो म्हणाला, मुंबईहून. दुसऱ्यावर म्हणाला, फ्रेश आहे मॅडम. तिसऱ्यावर म्हणाला, उघडलेलीच येतात, फ्रोजन. तिने मेन्यूकार्ड मिटलं आणि गोड आवाजात दाल-फ्राय मागवली.

बाहेर पडल्यावर मी जरा घुश्शातच होते. एवढं काय ते! फ्रोजन तर फ्रोजन. त्यावर तिने तिथेच, स्कूटीच्या सीटवर बसून माझा क्लास घेतला. तो जसाच्या तसा देते, कारण पुढेमागे मुंबई-गोव्याला गेलात की कामाला येईल.

कालव शिंपला उघडेपर्यंत जिवंत असलं पाहिजे. बंद शिंपला घट्ट मिटलेला आणि हाताला जड लागायला हवा. किंचित उघडा दिसला तर बोटाने टकटक करायची. पटकन मिटला तर ते जिवंत आहे. नाही मिटला तर सरळ फेकून द्यायचं, पैशांकडे बघायचं नाही. वास समुद्राचा हवा, मासळीचा उग्र वास आला की फूट! आणि 'र' चा नियम. ज्या महिन्याच्या इंग्रजी नावात 'र' नाही त्या महिन्यात कालवं खाऊ नयेत, असा युरोपातला जुना दंडक आहे. गंमत म्हणजे तो आपल्या मराठी स्पेलिंगलाही चालतो. मे, जून, जुलै, ऑगस्ट. आहे कुठे 'र'? हे कालवांच्या विणीचे आणि माल लवकर नासण्याचे दिवस. आपल्याकडे तर तेव्हा पावसाळा. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते.

पण 'र' आला म्हणजे पाणी स्वच्छ झालं असं नाही. कालव म्हणजे समुद्राची गाळणी. पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाणं टिपायचं, उरलेलं बाहेर सोडायचं. पाण्यात सांडपाणी असेल, जंतू असतील, तर तेही गाळणीत अडकणार. त्यातून कावीळ होऊ शकते, व्हिब्रिओ नावाच्या जंतूने माणूस थेट हॉस्पिटलात जाऊ शकतो. लिंबू पिळून जंतू मरत नाहीत. सिनेमातली हिरॉइन बर्फावरचं कालव सुर्रकन गिळते ते ठीक आहे. मुंबईच्या बड्या हॉटेलांत परदेशातून विमानाने आलेली कालवंही मिळतात. पण कोळीवाड्यात कालवं शिजवूनच खातात. सुकं करतात, रस्सा करतात, नाहीतर निखाऱ्यावर भाजतात.

"आणि तुझ्या त्या हाफ शेलवाल्याकडे टकटक कुणाला करू?" ती म्हणाली. माझा घुस्सा उतरला.

मग मला सुचलं धुळं. लॉजिक एकदम टाइट होतं. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना भेटतात ते धुळ्यात. समुद्राकडून खान्देशात ट्रकने काही यायचं असेल तर ते तिथूनच जाणार. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही एसटी पकडली. जळगाव-धुळे साधारण नव्वद किलोमीटर. वाटेत एरंडोल आणि पारोळा. पारोळ्याला चहा. वर्सोवेकर खिडकीतून कपाशीकडे बघत होती आणि काहीच बोलत नव्हती.

मासळीबाजारात पापलेट होतं, सुरमई होती, बर्फात गाडलेली. सुक्या बोंबलांचे ढीग होते. ते तर आपल्या प्रत्येक आठवडी बाजारात असतात आणि आपल्या आज्यांना 'समुद्र' एवढाच माहीत होता. कालवं? मासळीवाल्या मावशींनी फोटो बघितला, हसल्या आणि म्हणाल्या, "माय, हाई दगड कोन खास?" दगड! मला हसू आवरेना. वर्सोवेकरला वाक्य कळायला थोडा वेळ लागला, मग तीही हसली. जळगावला आल्यापासून तिला असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग मावशींनी शेजारच्या घमेल्यावरचं पोतं बाजूला सारलं. आत हातभर लांबीची काळसर मरळ वळवळत होती. जिवंत! मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे थोड्याशा पाण्यातही बाजारापर्यंत तग धरते. वर्सोवेकर पुढे झाली. तेच तीन प्रश्न. कुठून? धरणातून. कधी? पहाटे. तिसरा प्रश्न विचारायची गरजच नव्हती, मरळीने शेपटी आपटून उत्तर दिलं. "ताजं शे का नही, ते मासाना डोया सांगस," मावशी म्हणाल्या. वर्सोवेकर माझ्याकडे वळून म्हणाली, "माझी आजी अगदी हेच म्हणायची."

मासळी घेऊन गेलं की रस्सा करून देणारी एक खानावळ मावशींनीच दाखवली. दोन बाकं, एक चूल, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, तिखट लागलं. म्हणून मी गूळ मागवला.

तिखट नव्हतं. तिची आजी जुलैमध्ये गेली होती. तेव्हा ही ट्रेनिंगला दुसऱ्या शहरात. पाऊस, गाड्या रद्द, पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. आजी कालवं काढायला जायची. अमावास्या-पौर्णिमेला समुद्र खूप आत जातो, खडक उघडे पडतात, तेव्हा लोखंडी हत्यार आणि टोपली घेऊन बायका निघायच्या. वाकून वाकून खडकावरून एकेक कालव सोडवायचं. शिंपल्याची धार ब्लेडसारखी, बोटं कापायची. लहानपणी ही आजीच्या मागे मागे. दिवाळीनंतरची पहिली टोपली घरात खायची, बाकीची बाजारात, असा आजीचा नियम. "आई आता करत नाही. तिला जमत नाही म्हणते. म्हणून मला वाटलं, या वर्षी कुठेतरी बसून एक प्लेट खावी. कुठेही. मग जळगाव तर जळगाव."

मी गूळ खात बसले. काय बोलणार?

महिनाभर मी ज्याला 'मुंबईवाल्यांचे चोचले' समजत होते ते हे होतं.

त्या दिवशी परत येताना मीच तिला म्हटलं, "कालवं नाही मिळणार गं इथे. पण चंपाषष्ठी होऊ दे, तुला भरीत खाऊ घालते." मार्गशीर्षातली ही षष्ठी म्हणजे आपला 'र' चा महिना. चातुर्मास पाळणाऱ्यांकडे तोवर वांगं वर्ज्य. त्या दिवशी खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सीझन सुरू. थंडी पडली की भरिताच्या वांग्याला खरी चव येते. आपल्या 'जळगाव भरीत वांगी'ला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. हे सगळं मी तिला फुशारकीने सांगितलं.

आणि एका भरीत सेंटरवर घेऊन गेले. तिने शांतपणे विचारलं, "दादा, वांगी कुठली? कधी तोडली? कशावर भाजता?"

दोस्तहो, खरं सांगते, जन्म जळगावात काढून मी हे प्रश्न आजवर विचारले नव्हते. समुद्राकाठच्या पोरीने विचारले तेव्हा कळलं की आपणही ढिगाने 'हाफ शेल' खातो. एका ठिकाणी उत्तर आलं, "गॅसवर, मॅडम. मिक्सरमधून काढतो, एकदम स्मूद." दुसरीकडे भाजलेला गर डीप फ्रीझरमध्ये होता, बारा महिने पुरणारा. तिसऱ्या ठिकाणी मात्र एक आजोबा उठले, आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेले. पोत्यात हिरवी, लांबट, चकचकीत वांगी. "काल संध्याकाळी तोडलेली. बामणोदची." बाजूला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग. आजोबांनी दोन वांगी तिच्या दोन हातांत दिली. "सांगा, कोणतं घ्याल?" तिने जड घेतलं, कालवाच्या हिशोबाने. आजोबा हसले. "चुकलं, पोरी. भरिताचं वांगं आकाराच्या मानाने हलकं घ्यायचं. जड असलं की बिया फार. आणि देठ हिरवा बघायचा."

मग जाळ झाला. सालं काळी पडून फुटली, गर गळायला लागला. सोललेला गर लाकडी बडगीत टाकून दांड्याने ठेचला. वर हिरव्या मिरचीची, लसणाची फोडणी, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात ना, ती. वर्सोवेकर तीन भाकऱ्या खाऊन उठली आणि म्हणाली, "हे कळलं मला. हे आजीला आवडलं असतं."

आता तुम्ही विचाराल, त्या आजोबांचा पत्ता द्या की! या वेळी देत नाही. एक तर ते दिवसाला एकच पोतं भाजतात. आणि दुसरं म्हणजे पत्त्यांच्या याद्या शिळ्या होतात. आचारी बदलतो, मालक बदलतो, मेन्यूवर चायनीज चढतं. प्रश्न मात्र शिळे होत नाहीत. कुठून आलं, कधी आलं, कोणी आणि कशावर केलं. जळगावात, धुळ्यात, पुण्यात, कुठेही हे तीन प्रश्न विचारा. जो चिडतो त्याच्याकडून दाल-फ्राय खाऊन बाहेर पडा. जो मागच्या अंगणात घेऊन जातो, त्याला सोडू नका.

स्टोरी इथे संपायला हरकत नव्हती. पण डिसेंबरअखेर तिची बदली झाली. परत मुंबई. अर्ज तिने नोव्हेंबरातच टाकला होता, धुळ्याला जायच्या आधी. निघताना रडारड वगैरे झाली, ते वगळते.

जानेवारीत, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी रात्री फोन. "उद्या सकाळी स्टेशनवर जा. भाऊ येतोय, त्याला पुढे भुसावळला जायचंय. गाडी दोन मिनिटं थांबते, उशीर करू नकोस."

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बर्फात घातलेली कालवं रेल्वेने समुद्रापासून शेकडो मैल आत, पार शिकागोपर्यंत जायची, असं मी वाचलं होतं. पण जळगावच्या प्लॅटफॉर्मवर, कडाक्याच्या थंडीत, डब्याच्या दारातून एक अनोळखी तरुण ओलं गोणपाट माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "ताईने सांगितलंय, गोड्या पाण्यात टाकायची नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायची नाहीत, मरतात," तेव्हाची गोष्ट वेगळीच.

चाळीस कालवं होती. ती आणि तिची आई पहिल्यांदाच दोघी मिळून खडकावर गेल्या होत्या. आईला जमत नाही म्हणाली होती ना? जमलं.

आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. आई म्हणाली, "घरात नको." मग दोन मिनिटांनी म्हणाली, "गच्चीवर कर. पऱ्हाट्या आहेत वर." मी टकटक करत बसले. सदतीस मिटली, तीन फेकली. भरिताचा जाळ केला आणि त्याच निखाऱ्यांवर कालवं मांडली. थोड्या वेळाने एकेक शिंपला चुरचुरत उघडायला लागला. उघडल्यावरही आतलं चांगलं शिजेपर्यंत थांबले. धुराचा वास आपला, खारं पाणी त्यांचं. ऑफिसातली चौघंही गच्चीवर हजर होती. अकाउंट्सवाल्याने पहिलं कालव डोळे मिटून खाल्लं, मग डोळे उघडून चार खाल्ली. आई लांब, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून म्हणाली, "त्या पोरीच्या आजीसाठी एक ठेवा बाजूला." ठेवलं.

परतीच्या पार्सलात अर्थातच वांगी गेली. पाच किलो, हलकी बघून, हिरव्या देठाची. परवा वर्सोव्याहून फोन आला. भाजली, सोलली, पण ठेचायला बडगीच नाही. आई विचारतेय, मिक्सर चालेल का?

मी ओरडलेच, "खबरदार!"

तर मंडळी, आता माझा प्रश्न. मुंबईत चांगली लाकडी बडगी कुठे मिळते? कुणाला ठाऊक असेल तर कळवा. जरा अर्जंट आहे, सीझन संपत आलाय.